मागची खोली रिकामी दाखवतंय

ही घटना खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी दिल्लीत मयूर विहारला जावं, धम्मपाल नावाच्या माणसाला एकदा जेवायला बसलेला पाहावं आणि मग बोलावं.

सोसायटीचं नाव सांगणार नाही. तिथे लोक राहतात.

आणि हे पण ऐकून घ्या. मध्यरात्र, अमावस्या, रडणारी कुत्री असलं यात काही नाही. भर दुपारची गोष्ट आहे. चौदा जानेवारी, रविवार. धुकं इतकं की समोरच्या ब्लॉकच्या गॅलऱ्या दिसत नव्हत्या. मराठी मंडळाची बस सकाळीच पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेलेली. त्यामुळे जिन्यात नेहमीचा आवाज नव्हता.

आणि त्या शांततेत... नीलमच्या हॉलमधला दिवा विझला.

पण आधी धम्मपाल कोण ते कळायला हवं. नाहीतर तुम्हाला नुसती भीती वाटेल, राग येणार नाही. आणि राग यायला हवा.

धम्मपाल म्हणजे नीलमचा नवरा. मूळचा वाशिमचा, दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. ऑफिसात त्याचं कुणी ऐकत नसे, म्हणून त्याने घरातले दिवे तरी आपलं ऐकतील अशी सोय केली. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप आणला, स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवला आणि त्याला ‘सर्व्हर’ म्हणू लागला. तो लॅपटॉप दिवसरात्र घरघरायचा. पाहुणे विचारायचे, वर काय चालू आहे? मग धम्मपाल चहा गार होईपर्यंत समजावून सांगायचा.

प्रत्येक खोलीच्या छताला त्याने एक पांढरी डबी चिकटवली. सेन्सर. माणूस हलला की डबीला कळतं, दिवा-पंखा लागतो. हालचाल थांबली की थोड्या वेळाने सगळं बंद. कुठल्या खोलीत माणूस आहे, कुठली रिकामी, हे त्याला ऑफिसात बसून फोनवर दिसायचं. श्वाससुद्धा ओळखणारा सेन्सर मिळतो. पण तो महाग. धम्मपालने स्वस्तातला आणला आणि कमी खर्चात काय काय जमवलं म्हणून सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले.

मग त्याने भिंतीवरची बटणं काढून टाकली. त्या जागी कोऱ्या पट्ट्या.

“लोक बटणं दाबतात आणि लॉजिक बिघडतं, यार,” तो म्हणायचा.

लोक म्हणजे नीलम. घरात दुसरं होतं कोण?

नंतर आली तनया. नीलमच्या मोठ्या बहिणीची, शीलाताईची मुलगी. हिंगोलीहून, यूपीएससीच्या तयारीसाठी. दिल्लीत आपल्या माणसाचं घर असलं की गावाकडून कुणाचं तरी लेकरू परीक्षेला येतं आणि मागच्या खोलीत राहतं. यात विचारायचं काही नसतं आणि नाही म्हणायची तर पद्धतच नाही.

शीलाताई तिला हिंगोलीच्या स्टेशनवर सोडायला आली होती. तिथून नीलमला फोनवर एवढंच म्हणाली, “नीलू, तुझ्या भरवशावर पाठवतेय.”

मागची खोली मुळात सामान ठेवायची. खिडकी नाही. दिवसासुद्धा दिवा लावल्याशिवाय पुस्तकातलं अक्षर दिसत नाही.

आता अभ्यास करणारं माणूस हलतं का? तनया तासन्तास वाचत बसायची, डबीला वाटायचं खोलीत कुणी नाही, आणि दिवा जायचा. पंखाही जायचा. पहिल्या दिवशी ती अंधारातून चाचपडत बाहेर आली.

“काका, लाईट गेली.”

“गेली नाही. तू हलली नाहीस.” धम्मपालला फार मजा वाटली. “हात वर कर ना मधून मधून. सिंपल आहे.”

पोरगी गुणाची. तिने सवय लावून घेतली. वाचता वाचता, मान वर न करता, उजवा हात उचलायची आणि खाली ठेवायची. दिवा राहायचा. पुढे पुढे जेवतानाही तिचा हात उठायचा. आईशी फोनवर बोलताना उठायचा.

नीलमला ते बघवत नसे. “एक बटण बसवा हो त्या पोरीला,” ती म्हणाली. एकदा नाही, खूपदा म्हणाली.

“तिच्या एकटीसाठी सिस्टिम बदलू?” धम्मपाल म्हणायचा.

ऑक्टोबरात तनयाला ताप आला. “थोडी कणकण आहे, मावशी. मी पडते जरा,” असं ती सकाळी म्हणाली. नीलम शाळेत शिकवते. उशाशी पाणी आणि गोळ्या ठेवून ती गेली. दुपारी मधल्या सुट्टीत तिने फोन केला. तनयाने उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

नीलमने धम्मपालला ऑफिसात फोन लावला.

“तनया फोन उचलत नाहीये. मला कसंतरी होतंय. शेजारच्या अहिल्याताईंकडे आपली किल्ली असते, त्यांना बघायला सांगू का?”

पलीकडे तो फोनवर घरातल्या खोल्या बघत होता.

“काही गरज नाही. मागची खोली रिकामी दाखवतंय. लायब्ररीत गेली असेल, फोन सायलेंटवर असेल.”

आणि नीलमने त्याचं ऐकलं. हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. ऐकलं तिने.

संध्याकाळी तिने मागच्या खोलीचं दार उघडलं. आत काळोख. पंखा बंद, हवा कोंडलेली. तिने पाऊल आत टाकलं आणि दिवा लागला... कारण ती हलली होती.

तनया पलंगावर होती. उजवा हात कोपरातून वाकलेला, उशीवर अर्धवट उचललेला. तसाच राहिलेला.

श्वास होता तेव्हा. दवाखान्यात पोचेपर्यंत होता. डॉक्टर म्हणाले, डेंगी आहे, अंगातलं पाणी पार गेलं, दुपारपर्यंत आणलं असतं तर काही करता आलं असतं.

शीलाताई आली तेव्हा तिने एकच विचारलं. “दुपारी कुणी बघितलं नाही का गं तिला?”

नीलम तोंड उघडणार तेवढ्यात धम्मपाल बोलला. “तिने कुणाला काही सांगितलंच नाही, ताई. अंगावर काढलं. हट्टी होती.”

त्याच आठवड्यात त्याने माळ्यावरच्या लॅपटॉपमधल्या जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या. डिस्क भरली होती म्हणे.

नीलम तेव्हा भांडली नाही. भांडायला समोर माणूस मोठा लागतो. तिला धम्मपाल एकदम लहान दिसायला लागला, इतका लहान की त्याच्या ताटात भाजी वाढतानाही तिला हसू आणि रडू एकत्र यायचं. त्याने एक वाक्य बोलावं एवढंच तिला हवं होतं. शीलाताईला सांगावं, खोली रिकामी आहे असं मी म्हणालो होतो. बस. एवढं बोलला असता तर नीलमने स्वतःची चूकही त्याच्या शेजारी मांडली असती.

तो काही बोलला नाही. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि ग्रुपवर नव्या बल्बचे फोटो टाकले.

तर ती जानेवारीतली दुपार.

धम्मपाल हॉलमध्ये सोफ्यावर फोन बघत बसला होता. नीलम स्वयंपाकघरात. धुक्यामुळे हॉलमध्ये दिवा लागलेला.

तो विझला.

धम्मपालने फोनवरून नजर न काढता हात हलवला. काही नाही. दोन्ही हात हलवले.

काही नाही.

तो उठला, डबीखाली उभा राहिला आणि हात ओवाळायला लागला. दारातून नीलम बघत होती. पन्नाशीला आलेला माणूस, अर्ध्या अंधारात, छताकडे बघून हात ओवाळतोय.

“खराब झाला वाटतं,” तो म्हणाला.

नीलमने हॉलमध्ये पाऊल टाकलं... दिवा लागला.

ती मागे फिरली. थोड्या वेळाने दिवा गेला. धम्मपाल तिथेच उभा होता, हलत होता.

त्याने फोन उघडला. चेहरा जरा बदलला.

“काय झालं?” नीलमने विचारलं.

“हॉल रिकामा दाखवतंय.”

“आणि?”

तो दाराशी आला. नीलमने स्वयंपाकघरातूनच हात लांब करून त्याच्याकडून फोन घेतला. स्वयंपाकघर, एक व्यक्ती. हॉल, रिकामा.

मागची खोली... एक व्यक्ती.

दोघांनी तिकडे पाहिलं. मागच्या खोलीचं दार बंद होतं. ऑक्टोबरपासून बंदच होतं.

दाराखालच्या फटीतून उजेड येत होता.

एक सांगायला हवं. हे घर भूतबीत मानणारं नाही. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, संध्याकाळी वंदना, आणि असल्या गोष्टींना घरात थारा नाही. नीलम आजही मानत नाही. त्यामुळे झालं काय, की दुसऱ्या कुणी अशा वेळी नारळ फोडला असता, अंगारा लावला असता. या दोघांकडे समोरच्या गोष्टीसाठी शब्दच नव्हता. ते नुसते बघत राहिले.

फटीतला उजेड गेला. क्षणभर काही नाही...

मग पुन्हा आला.

पुन्हा गेला, पुन्हा आला. आत कुणीतरी वाचत बसलंय आणि मधून मधून हात वर करतंय, अगदी तसं.

“सेन्सर फॉल्टी आहे,” धम्मपाल म्हणाला. आवाज बारीक झाला होता. तो गेला आणि त्याने दार उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं. पलंग, टेबल, तनयाची पुस्तकं. दिवा लखलखीत, पंखा संथ फिरत होता, जानेवारीच्या थंडीत. तो आत शिरला.

दिवा गेला.

आतून त्याच्या चपला घासल्याचा आवाज येत होता. तो तिथे हात हलवत असणार. बराच वेळ हलवत असणार.

“नीलम,” तो म्हणाला. “आत ये ना जरा.”

नीलम उंबऱ्यावर उभी होती. तिला वाटलं, राहू दे याला असंच. खरंच वाटलं. मग ती आत गेली आणि उजेड झाला. धम्मपाल भिंतीला चिकटून उभा होता, घामाघूम.

त्याच दिवशी नीलमने स्टूलवर चढून माळ्यावरच्या लॅपटॉपची वायर ओढली. इतकी वर्षं चाललेली घरघर थांबली. घर एकदम एवढं शांत झालं की तिला शेजारच्या घरातला कुकर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून तिने सगळ्या डब्या काढायला लावल्या, भिंतीवर पूर्वीसारखी बटणं बसवली, आणि ते सगळं सामान कबाडीवाल्याला दिलं. धम्मपाल जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेला. चार्जर तरी ठेवून घेऊ म्हणत होता.

आता घरात एकही सेन्सर नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, दाबलं की जातो.

संध्याकाळी धम्मपाल जेवायला बसला. ताटावर वाकला. दोन घास खाल्ले...

डोक्यावरची ट्यूब गेली.

नीलमने बटण पाहिलं. चालूच होतं. स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, बाहेर गॅलरीतला लागलेला. फक्त त्याच्या डोक्यावरचा गेला होता. तिने दाबून पाहिलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. काही नाही. हातानेही काही होईना आणि तिच्या हलण्यानेही.

शेवटी त्याने हळूच उजवा हात वर केला. कोपरातून, अर्धवट.

ट्यूब लागली.

त्यानंतर हे सुटलंच नाही. घरात, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये. तो थोडा वेळ स्थिर बसला की त्याच्या डोक्यावरचा दिवा जातो, फक्त त्याच्या. ऑफिसात दोनदा वायरिंग बदललं. शेवटी जागा बदलली, तर नव्या जागेवरची ट्यूब जायला लागली. शेजारच्या टेबलवाल्याने सगळ्यांसमोर म्हटलं, “सर, लगता है सरकार को पता चल गया, यहाँ कोई बैठता ही नहीं.” सगळे हसले. धम्मपालने हात वर केला.

आता तर त्याला सवय झाली. फाईल वाचता वाचता, मान वर न करता, उजवा हात उठतो आणि खाली येतो.

मार्चमध्ये शीलाताई तनयाची पुस्तकं न्यायला आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. रात्रीचं जेवण लवकरच वाढलं होतं, गाडी पहाटेची होती. तिघं टेबलाशी. मुगाची भाजी, भाकरी.

ट्यूब गेली. धम्मपालचा हात उठला. ट्यूब लागली.

शीलाताईचा घास तसाच राहिला.

थोड्या वेळाने पुन्हा.

“भाऊजी,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे तनया करायची. व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता असाच हात वर करायची. मी विचारलं, काय गं, कुणाला बोलावतेस? तर म्हणाली, काकांचा दिवा आहे आई, हात नाही केला तर मी दिसत नाही त्याला.”



“त्या दिवशी,” शीलाताई म्हणाली, “त्या दिवशी ती दिसली नाही का तुम्हाला?”

नीलमने ताटावरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. आता बोलेल. विचारणारी आई समोर बसली आहे, तिनेच दार उघडून दिलंय. माणूस असेल तर आता बोलेल.

धम्मपाल पाणी प्यायला.

“सेन्सर खराब आहे, ताई,” तो म्हणाला. “बदलायचाय.”

ज्या घरात एक सेन्सर शिल्लक नव्हता, त्या घरात बसून तो हे म्हणाला.

मग नीलमच बोलली. सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीतला फोन, अहिल्याताईंकडची किल्ली, तो काय म्हणाला, आपण कसं ऐकलं. शीलाताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ती ओरडली नाही. उठून तिने नीलमच्या डोक्यावर हात ठेवला, मग पुस्तकांची पिशवी उचलली आणि पहाटेची वाट न बघता स्टेशनवर जाऊन बसली. धम्मपालकडे तिने पाहिलंही नाही. तो खुर्चीत होता, पण तिच्या लेखी खुर्ची रिकामी होती.

तो मात्र रात्रभर नीलमवर चिडला होता. घरातली गोष्ट बाहेर सांगायची गरज काय, असं त्याचं म्हणणं.

मग आला मे. दिल्लीचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. भिंतीसुद्धा तापलेल्या. असल्या दिवसांत बंद खोलीत पंखा थांबला तर धडधाकट माणसाचाही जीव कासावीस होतो, आणि धम्मपालला आधीपासून ब्लडप्रेशर.

एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना अहिल्याताईंनी नीलमला विचारलं. या शेजारच्या, ज्यांच्याकडे ती किल्ली असायची. त्यांना सगळं माहीत होतं, पण ही एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बरेच दिवस अडकली होती.

“नीलम, जागेपणी ते हात वर करतात, ठीक आहे. पण झोपल्यावर गं?”

नीलमने चादर झटकली.

“झोपल्यावर पंखा थांबतो.”

“कूलर लावा ना.”

“तोही थांबतो. मी माझा पलंग दुसऱ्या खोलीत घेतला, तिथला चालतो.”

“मग ते काय करतात?”

“कधी गुदमरून जागे होतात, हात वर करतात, पुन्हा झोपतात. पण आता गोळी सुरू केलीय डॉक्टरांनी, झोपेची. जाग येत नाही पटकन.”

अहिल्याताईंच्या हातातला चिमटा खाली पडला. उचलायला त्या वाकल्या नाहीत.

“अगं, मग?”

“मग मी जाते. त्यांचा हात धरून वर करते. लगेच लागतो पंखा.” नीलमने चादरीचं टोक सरळ केलं. “शीलाताईला एक फोन करा म्हणून रोज सांगते त्यांना. एक वाक्य बोला. ते वाक्य बोलले की हे थांबेल की नाही, मला माहीत नाही. मी भूतबीत मानत नाही. पण बोला.”

“आणि रोज रात्री उठतेस तू हात वर करायला?”

नीलमने चादरीला शेवटचा चिमटा लावला.

“रोज नाही,” ती म्हणाली, आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून अहिल्याताईंना नीट झोप नाही. कुणाला सांगावं, काय सांगावं? सांगितलं तर कोण ऐकेल, आणि खरं सांगायचं तर सांगावंसं वाटतंय का, तेही त्यांना कळत नाही. सकाळी चहा घेऊन त्या गॅलरीत उभ्या राहतात. खाली गेटमधून धम्मपाल डब्याची पिशवी घेऊन मेट्रोकडे निघतो, चालता चालता उजवा हात उगीचच वर करतो. तो दिसला की अहिल्याताई आत जातात.

आज अजून दिसलेला नाही. ऊन वर आलंय.

नीलम गॅलरीत कपडे वाळत घालतेय. अहिल्याताईंनी किल्ली शोधून पदराला बांधली आहे... आणि त्या अजून खुर्चीतून उठलेल्या नाहीत.

रविवार आहे. उशिरा उठत असेल.